उणे सत्तरची किमया

व्हिडिओ मध्येच अडकला, पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरायला लागलं, की आपण ‘नेट स्लो आहे’ म्हणून मोकळे होतो. लॅपटॉप लिनक्सचा असेल तर या तक्रारीच्या आत शिरून बघता येतं. टर्मिनल उघडायचं आणि ‘आयडब्ल्यू’ नावाच्या छोट्याशा कमांडला जोडणीची हालहवाल विचारायची. उत्तरादाखल चार-सहा ओळी येतात: वायफायचं नाव, फ्रिक्वेन्सी, बिटरेट. त्यातच एक ओळ असते, सिग्नल उणे ७० डीबीएम.

या आकड्यापाशी जरा रेंगाळू या. घरातला राउटर साधारण १०० मिलिवॉट शक्तीने लहरी सोडतो, म्हणजे डीबीएमच्या मापात २०. तिथपासून उणे ७० पर्यंत ९० डेसिबलची घसरण झाली. दर १० डेसिबलला शक्ती दहा पटींनी कमी होते. म्हणजे नऊ वेळा दहाने भागायचं. भिंती, कपाटं, माणसं ओलांडून लॅपटॉपच्या अँटेनाला मिळतो तो मूळ शक्तीचा एक अब्जांश हिस्सा. तेवढ्यावर तो अख्खा सिनेमा दाखवतो! आणि उणे ७० हा काही वाईट आकडा नव्हे, रोजचं काम त्यावर भागतं. उणे ८० च्या आसपास मात्र ओढाताण सुरू होते.

तेव्हा काय होतं ते बिटरेटच्या ओळीत दिसतं. वायफायवर एखाद्याच उपकरणाला उद्देशून पाठवलेल्या माहितीची पोच द्यावी लागते. ५ गिगाहर्ट्झवर ती पोच अवघ्या १६ मायक्रोसेकंदांनी निघते. पोच आली नाही तर माहिती पुन्हा पाठवायची. असं वारंवार झालं, तर वेग उतरवून जास्त सावकाश, जास्त स्पष्ट बोलायचं. काही वायफाय कार्डांत हा निर्णय कार्डाचं फर्मवेअर घेतं. बाकी अनेकांसाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये ‘मिन्स्ट्रेल’ नावाचा अल्गोरिदम आहे. कुठल्या वेगाला किती यश आलं याची नोंद तो ठेवतो आणि थोडी माहिती मुद्दाम वेगळ्या वेगांनी पाठवून अंदाज घेत राहतो. आपल्याला जो मंदपणा वाटतो तो पुष्कळदा या सावध हिशेबाचा परिणाम असतो.

सिग्नल कमी असेल तर पहिला उपाय अगदी साधा: लॅपटॉप चार बोटं सरकवून बघा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना कुठे बळ देतात, कुठे पुसून टाकतात, आणि या दोन जागांत केवळ काही सेंटिमीटरचं अंतर असू शकतं. दुसरं, यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावली असेल तर ती काढून बघा. तिच्या वेगवान तारेतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरतो. इंटेलने २०१२ मध्ये मोजमापं घेऊन हे दाखवलं आहे. अब्जांश ऐकू पाहणाऱ्या कानाशेजारी हा गोंगाट! शक्य असेल तर सरळ ५ गिगाहर्ट्झवर जावं.

सिग्नल उत्तम आणि तरीही नेट अडखळतंय, हा प्रकार मला सगळ्यात विलक्षण वाटतो. अशा वेळी राउटरलाच पिंग करावं, म्हणजे छोटासा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघावं. राउटरकडून उत्तर चटकन येत असेल, तर दोष वायफायच्या पलीकडे, बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये शोधायचा. पण कधी कधी आकडे असे उतरतात: २ मिलिसेकंद, ३, १०४, २, ८७, ३. लॅपटॉप डुलक्या घेतोय.

आणि ही डुलकी ठरवून घेतलेली असते. बॅटरी वाचवण्यासाठी कार्ड राउटरला ‘मी झोपतो’ असं कळवून रेडिओ बंद करतं. राउटर त्याची माहिती राखून ठेवतो. बहुतेक राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक हाळी देतात; तिच्यात झोपलेल्यांची यादी असते, प्रत्येकासाठी एक बिट. बिट १ असला तर तुझ्यासाठी काही आलंय. एसटीत पेंगणारा प्रवासी थांबा आला की डोळे किलकिले करून गाव बघतो, तसं कार्ड हाळीच्या वेळेला जागं होतं, आपला बिट बघतं आणि पुन्हा झोपतं. सेकंदाला जवळपास दहा वेळा! कार्डाचा ड्रायव्हर किंवा राउटर यांपैकी कोणी या शिस्तीत चुकला, की हाळी हुकते, माहिती तिथेच पडून राहते आणि कधी जोडणीही तुटते.

ही झोप ‘आयडब्ल्यू’नेच तात्पुरती बंद करता येते आणि फरक पिंगमध्ये लगेच दिसतो. कायमची बंद करायची तर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘पॉवरसेव्ह’पुढे २ लिहायचं. उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांत तिथे ३, म्हणजे ‘चालू’, असतं. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल. माझ्या मते कामाच्या लॅपटॉपवर हा सौदा परवडतो.

राहता राहिलं ते नेट अचानक गायब होऊन मिनिटभराने परत येणं. यामागे कधी कधी रडार असतं. ५ गिगाहर्ट्झचे ५२ ते १४४ हे चॅनल अनेक देशांत रडारच्या हक्काचे मानले जातात. पावसाचे ढग बघणारी सी-बँड रडार याच पट्ट्यात चालतात; मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं असं एक सी-बँड रडार आहे. चॅनल असे राखलेल्या देशांतल्या नियमांनुसार रडारचा स्पंद जाणवला की राउटरने दहा सेकंदांत चॅनल सोडायचा आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. नवा चॅनलही याच पट्ट्यातला असेल, तर आधी किमान साठ सेकंद नुसतं ऐकायचं. हे नेटचं जाणं-येणं थांबवायचं असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ३६, ४०, ४४ किंवा ४८ यांपैकी एक चॅनल नेमून द्यावा.