प्लास्टर पुरत नाही तेव्हा

पनवेलजवळच्या कोन गावालगत जुना मुंबई-पुणे महामार्ग जातो. अशा रस्त्यावर दुचाकी घसरली की कोपर ते मनगट यांतली रेडियस आणि अल्ना ही दोन्ही हाडं एकदम मोडू शकतात. पोराचा असा हात बहुतेकदा प्लास्टरमध्ये जुळतो. वाढतं हाड थोडा वाकडेपणा स्वतःच भरून काढतं. मोठ्यांना ती सवलत नाही.

रेडियसला नैसर्गिक बाक असतो. ती अल्नाभोवती फिरते, म्हणून तळहात उताणा-पालथा होतो. बाक बिघडला तर हाड जुळूनही सुटे पैसे घ्यायला हात पसरता येत नाही. म्हणून प्रौढांत सहसा शस्त्रक्रिया करून दोन्ही हाडांवर प्लेट आणि स्क्रू बसवतात. 1975 मधल्या अँडरसन यांच्या गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात या पद्धतीनं रेडियस 97.9 टक्के आणि अल्ना 96.3 टक्के वेळा जुळली होती.

हाडवैद्याच्या घट्ट कामट्यांची मात्र मला धास्ती वाटते. आत सूज, बाहेर आवळलेली पट्टी, रक्तपुरवठा तुटतो. बोटं सरळ करताना असह्य कळ आली, बधिरपणा जाणवला, तर सकाळची वाट पाहू नये. अंगठी-बांगड्या तर आधीच काढाव्यात.