परदेशी नातवंडे आणि आपण



आपली पुष्कळ मुले नोकरीपायी ठाणे, कल्याण-डोंबिवलीत स्थिरावली. त्यांतली काही तेथून दुबई, मस्कत, अमेरिकेस गेली. ऊसनोंदीसाठी शिवारात फिरताना आम्हांस हल्ली हमखास ऐकू येते, "साहेब, नातू मराठी बोलंना. काय करावं?"

घोर तिकडच्या आईबापांनाही आहे. डोंबिवलीत पोर तापले तर शेजारची मावशी धावून येते. तिकडे दोघांच्या नोकऱ्या, पोर पाळणाघरात. दमूनभागून आल्यावर पोराच्याच इंग्रजीत बोलणे सोपे वाटते, आणि मराठी मागे पडते.

अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. तेथे गावोगावी मराठी शाळाही भरतात, पण बहुधा आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस घराचेच. उसाचे फुटवे पहिल्या चार महिन्यांतच धरावे लागतात. मागाहून खताची पोती ओतून उपयोग नसतो. भाषेचेही तसेच.

यात आजी-आजोबांनाही काम आहे. फोनची वेळ ठरवावी. आपल्याकडे सकाळी साडेसहा वाजता न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे आठ, उन्हाळ्यात नऊ वाजलेले असतात. पोर झोपण्याच्या बेतात असते. दुबई आपल्या दीड तास मागे, तेथे संध्याकाळ बरी. "अभ्यास कसा चाललाय?" एवढ्यावर बोलणे संपते. त्यापेक्षा गाय व्याली, पाट फुटला, ते सांगावे. पोर इंग्रजीत बोलले तरी रागवू नये. आपण मराठीतच बोलावे.

सुट्टीत आल्यावर डोंबिवलीच्या फ्लॅटवरूनच परत जाऊ देऊ नये. आठ दिवस वस्तीवर आणावे, चुलत भावंडांत सोडावे.

— ऊस विकास अधिकारी