पाचट, गवत की वैरण? छोट्या ट्रॅक्टरला कापणीचे कोणते यंत्र जोडावे



गेल्या काही वर्षांत ऊसपट्ट्यात छोटे ट्रॅक्टर बरेच वाढले आहेत. बैलजोडी सांभाळणे परवडेना, मजूर वेळेवर मिळेना, म्हणून १८ ते २८ अश्वशक्तीचा, उसाच्या दोन ओळींतून चालणारा ट्रॅक्टर पुष्कळ सभासदांच्या दारात आला. आंतरमशागत, बाळबांधणी, मोठी बांधणी ही कामे तो करू लागला. आता त्याच्या मागे कापणीचे एखादे यंत्रही असावे, असे अनेकांना वाटते. कुणाला खोडव्यातले पाचट बारीक करायचे असते, कुणाला बांधावरचे गवत मारायचे असते, कुणाला गोठ्यासाठी घास कापायचा असतो. दुकानात गेल्यावर तिन्ही कामांना पुष्कळदा एकच यंत्र पुढे केले जाते. घरी आणून शेतात घातले की कळते, की आपले काम या यंत्राचे नव्हतेच! मग यंत्र गोठ्यामागे गंजत पडते, हप्ता मात्र चालू राहतो, आणि पाचटाला शेवटी काडीच लावली जाते. असे होऊ नये म्हणून यंत्र घेण्याआधी काय पाहावे, हे या लेखात सांगितले आहे.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा

यंत्राची किंमत विचारण्याआधी सभासदाने स्वतःला एकच विचारावे : कापलेल्या मालाचे मी काय करणार? तो जनावरांना घालायचा, जागेवरच पडू द्यायचा, की बारीक करून रानात कुजवायचा? या तीन उत्तरांना तीन वेगवेगळी यंत्रे आहेत.

१. पट्टी-पात्याचे यंत्र

हे केस कापायच्या मशीनसारखे काम करते. ट्रॅक्टरच्या बाजूला एक लांब पट्टी निघते. तिच्यात त्रिकोणी पात्यांची ओळ डावी-उजवी सरकत राहते आणि गवत बुंध्यापाशी कात्रीसारखे कापते. याला ताकद फार कमी लागते, त्यामुळे छोट्या ट्रॅक्टरला ते सहज पेलते. माल अखंड, स्वच्छ आणि आडवा पडतो. लसूणघास, कडवळ, ओट अशा वैरणीला यासारखे दुसरे नाही. कापही साफ असल्यामुळे घासाचा फुटवा चांगला येतो.

पण हे यंत्र कापते, तुकडे करत नाही. पाचटात घातले तर पाती गुंतून बसतात. दगड-गोटा लागला की पात्यापुढची बोटे मोडतात. रान सपाट आणि स्वच्छ असेल, दावणीला जनावरे पुष्कळ असतील, त्यानेच हे घ्यावे. दोन म्हशींसाठी विळा पुरेसा आहे.

२. स्लॅशर

पत्र्याच्या झाकणाखाली एक उभा दांडा, आणि त्याला दोन किंवा तीन जाड पाती आडवी फिरतात. घरातला पंखा उलटा करून जमिनीलगत फिरवावा, तसे. बांधावरचे गवत, गाजर गवत, पडीक रानातली लहान झुडपे, फळबागेतल्या ओळींमधले तण यांना हे यंत्र उत्तम. बांधणी साधी, पाती मोजकी, दुरुस्ती गावातल्या वेल्डिंगवाल्याकडेही होते. किंमतही मल्चरपेक्षा कमी.

याचे दोन दोष ध्यानात ठेवावेत. एक, तुकडे लांब आणि एकसारखे नसतात, माल एका बाजूला ढिगाने पडतो. खोडव्यात फिरवले तर पाचट इकडचे तिकडे होते, पण बारीक होत नाही. दुसरा दोष जास्त गंभीर : पात्याला दगड लागला तर तो गोळीसारखा उडतो.

३. मल्चर, म्हणजे पाचट कुट्टी यंत्र

यात आडवा रूळ असतो आणि त्याला अनेक छोटी लोंबती पाती किंवा हातोडे लावलेले असतात. रूळ वेगाने फिरला की ती ताठ उभी राहतात आणि पाचट उचलून, आपटून, तुकडे करून खाली पसरतात. दगड लागला तर पाते मागे वळते, त्यामुळे मोडतोड कमी. मागे रोलर असतो, त्यावरून उंची ठरवता येते. खोडव्यासाठी हेच यंत्र कामाचे.

मात्र हे तिघांत वजनाने जड आणि किमतीने महाग. ताकदही सर्वांत जास्त खाते. बाजूचे पट्टे, बेअरिंगे, पाती यांची देखभाल नियमित लागते. एक पाते तुटले आणि तसेच चालवले तर रुळाचा तोल जातो, यंत्र थरथरते आणि बेअरिंग जाते. पाते बदलताना समोरासमोरची जोडी बदलावी आणि दोन्हींचे वजन सारखे असावे.

ट्रॅक्टरला किती पेलेल?

इथेच पुष्कळांची फसगत होते. ट्रॅक्टरवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. मागच्या पी.टी.ओ. शाफ्टवर ती १० ते १५ टक्के कमी मिळते. म्हणजे २२ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला शाफ्टवर १९-२० च मिळतात. स्लॅशरला रुंदीच्या दर फुटाला सुमारे ५ अश्वशक्ती धरावी, असा ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे असा ट्रॅक्टर साडेतीन फुटी स्लॅशर आरामात चालवील. ५ फुटी जोडला तर दाट गवतात दम तोडील. दाट पाचटात मल्चरला याहून जास्त लागते, म्हणून २२-२४ अश्वशक्तीला ३ फुटांच्या आसपासचाच मल्चर बघावा. मोठ्या ट्रॅक्टरचा ५-६ फुटी मल्चर स्वस्तात मिळतो म्हणून आणू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

आणखी तीन गोष्टी विकत घेण्याआधी तपासाव्यात.

पहिली, यंत्राचे वजन आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलते का, आणि उचलल्यावर पुढची चाके हलकी पडतात का. पडत असतील तर पुढे वजन लावावे लागेल.

दुसरी, पी.टी.ओ.चा वेग. ही यंत्रे बहुधा ५४० फेऱ्यांसाठी बनवलेली असतात. काही ट्रॅक्टरांना दुसरा, जास्त वेगही असतो. चुकून त्या वेगावर यंत्र चालवणे धोक्याचे आहे.

तिसरी, क्लच. काही छोट्या ट्रॅक्टरांत चाकांना आणि पी.टी.ओ.ला मिळून एकच क्लच असतो. तो दाबला तरी स्लॅशरची जड पाती फिरतच राहतात आणि शाफ्टमधून उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतात. बांधाच्या काठाशी किंवा विहिरीजवळ हे जिवावर बेतू शकते. अशा ट्रॅक्टरला शाफ्टवर एकाच बाजूने जोर नेणारा ओव्हररनिंग क्लच बसवूनच घ्यावा.

सरीचे अंतर

यंत्र ट्रॅक्टरला बसले तरी उसात बसले पाहिजे. तीन फुटी सरीत छोटा ट्रॅक्टरसुद्धा बुडख्यांवरून जातो. चार ते पाच फुटी सरी असेल तर चाके आणि मल्चर दोन्ही मधल्या पट्ट्यात चालतात. ज्यांना पुढे यंत्राने खोडवा राखायचा आहे, त्यांनी लागणीच्या वेळीच सरीचे अंतर वाढवावे. यंत्र नंतर घेता येते, सरी नंतर रुंद करता येत नाही.

चार फुटी सरीत एका एकरात ओळींची एकूण लांबी १०,८९० फूट, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या थोडी वर भरते. ताशी अडीच किलोमीटरने चालले तर निव्वळ चालणे सव्वा ते दीड तासाचे. वळणे आणि गुंता काढणे धरून एकराला दोन तास समजावेत. पाचट फार दाट असेल तर दुसरा फेरा लागतो.

हा खटाटोप कशासाठी?

एका हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघते, म्हणजे एकराला ३ ते ४ टन. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७५ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. ४ टन धरले तर एकरी २० किलो नत्र, ८ किलो स्फुरद आणि ३० ते ४० किलो पालाश झाले. नुसत्या नत्राचा हिशेब केला तरी ४५ किलोचे युरियाचे जवळजवळ एक पोते! हे सगळे एकदम पिकाला मिळत नाही, पाचट कुजेल तसे मिळते. पण काडी लावली की नत्र आणि कर्ब धुरात जातात आणि बुडख्यांवरचे डोळे भाजतात. वारा फिरला तर शेजाऱ्याचा उभा ऊसही पेटतो.

कुट्टी करताना क्रम असा ठेवावा. तोड झाल्यावर वाढे जनावरांसाठी उचलून घ्यावेत. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर ठेवाव्यात, नाहीतर त्या रुळाभोवती गुंडाळतील. दगड, तार, दोरी वेचावी. पाचट चांगले वाळलेले असावे. ओले किंवा दवाने भिजलेले पाचट तुटत नाही, गुंडाळते. म्हणून उन्हे वर आल्यावरच ट्रॅक्टर घालावा. मल्चरने बुडखे छाटायचा मोह धरू नये. हातोड्याने बुडखा फाटतो आणि फुटवा बिघडतो. बुडखे धारदार कोयत्याने किंवा बुडखे छाटणीच्या यंत्राने जमिनीलगत छाटावेत.

कुट्टीनंतर दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. ४ टनांना ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो झाले. युरिया टाळू नये. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे असते. वरून नत्र दिले नाही तर जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग दोष मात्र पाचटाला दिला जातो!

जपून

शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे संरक्षक नळकांडे काढून टाकू नये. धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर फिरत्या शाफ्टजवळ आला तर माणूस वाचत नाही. यंत्रात अडकलेले काढताना इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी आणि पाती थांबेपर्यंत हात घालू नये. यंत्र दुरुस्तीसाठी वर उचलले असेल तर खाली ठोकळे द्यावेत, नुसत्या लिफ्टवर भरवसा ठेवू नये. पोराबाळांना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवू नये. स्लॅशर चालू असताना आसपास कोणीही उभे राहता कामा नये.

एकट्याने की मिळून?

एकराला दोन तास, तर दोन-तीन एकर खोडव्यासाठी मल्चर वर्षात एखादा दिवसच चालेल. बाकीचे ३६४ दिवस तो उभाच. त्यापेक्षा एका शिवारातल्या पाच-सहा सभासदांनी मिळून एक घ्यावा आणि तोडीच्या क्रमाने फिरवावा. डिझेल ज्याचे त्याने घालावे. पाती आणि ग्रीसचा खर्च एकराच्या हिशेबाने वाटावा, आणि देखभालीला एकच माणूस नेमावा. सगळ्यांचे म्हणून कुणाचेच नाही, असे होऊ देऊ नये. शासकीय अनुदान हवे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी. आधी पावती फाडली तर अनुदान हुकते.

थोडक्यात, वैरणीला पट्टी-पात्याचे यंत्र, गवताला स्लॅशर, पाचटाला मल्चर. घेण्याआधी ते यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्या रानात, आपल्यासारख्याच ट्रॅक्टरवर, वाळल्या पाचटात एक तास चालताना बघावे. दुकानातल्या फरशीवर प्रत्येक यंत्र चांगलेच दिसते.