शेतकऱ्याचे पहिले वेल्डिंग यंत्र : कमी खर्चात निवड कशी करावी?

सोलापूर जिल्हा हा प्रामुख्याने रब्बी ज्वारीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी साधारणपणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी लागते. पाऊस उघडल्यावर काळ्या जमिनीला वाफसा येतो, पण तो थोडेच दिवस टिकतो. नेमक्या याच वेळी पाभरीचा फण निखळला किंवा पेरणी यंत्राची पट्टी तुटली तर तालुक्याच्या गावी धाव घ्यावी लागते. तिथे आधीच चार जणांची अवजारे रांगेत असतात. वेल्डिंगचे काम पाच मिनिटांचे, पण त्यात दिवस जातो आणि वाफसाही जातो.

पेरणीशिवाय इतर कामेही वर्षभर निघतातच. कासेगाव भागात द्राक्ष मांडवाचे अँगल, सांगोल्याकडे डाळिंब बागेतील फवारणी यंत्राचा सांगाडा, ऊस पट्ट्यात ट्रॉलीचे फाळके आणि घरोघरी गोठ्याची गव्हाण, फाटक, पत्र्याच्या शेडचे खांब अशी कामे असतात. त्यामुळे घरी एखादे लहान वेल्डिंग यंत्र असावे असे अनेक शेतकऱ्यांना वाटते. मात्र यंत्र घेताना बहुतेक जण किंमत आणि त्यावर लिहिलेला अँपिअरचा आकडा एवढेच पाहतात. प्रत्यक्षात आधी घरची वीज पाहावी, नंतर आपले काम पाहावे आणि शेवटी यंत्र पाहावे. हा क्रम चुकला तर घेतलेले यंत्र कोपऱ्यात पडून राहते किंवा अपघाताला कारण होते.

यंत्राची खरोखर गरज आहे काय?

मागील वर्षभरात वेल्डिंगच्या दुकानात किती वेळा जावे लागले याची नोंद काढावी. मजुरी, अवजार नेण्या-आणण्याचे भाडे आणि बुडालेले दिवस या तिन्हींची बेरीज करावी. वर्षातून दोन-तीन वेळाच काम निघत असेल तर यंत्र घेऊ नये, गावातील कारागिराकडूनच काम करून घ्यावे. महिन्यातून एखादे काम निघत असेल, शेड किंवा मांडवाचे काम हाती घ्यावयाचे असेल, तर यंत्र घेणे परवडते. दोन-तीन भावांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून एक यंत्र घेतल्यास खर्च आणखी कमी येतो.

आधी वीज पाहा

वेल्डिंग यंत्रे सिंगल फेज, टू फेज आणि थ्री फेज अशा पुरवठ्यांवर चालणारी मिळतात. दुकानांत दिसणारी जुनी, तेलाच्या टाकीची ट्रान्सफॉर्मर यंत्रे सहसा दोन किंवा तीन फेजवर चालतात. ती दणकट असतात, पण शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतात. घरी गावठाणाच्या वाहिनीवर बहुधा सिंगल फेज वीज असते. शेतातील थ्री फेज वीज पाळीने येते आणि ती पंपासाठी मंजूर झालेली असते. मंजूर कामाव्यतिरिक्त दुसऱ्या कामासाठी ती वापरल्यास विद्युत कायदा २००३ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो. सौर पंपाच्या कंट्रोलरमधून वेल्डिंगसाठी जोड घेण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. तो कंट्रोलर पंपाच्या मोटारीसाठीच बनविलेला असतो.

म्हणून घरगुती वापरासाठी सिंगल फेजवरील यंत्राचाच विचार करावा. ते किती वीज ओढते हे मात्र समजून घ्यावे. २.५ मि.मी. रॉडने ८० अँपिअरवर काम करताना लहान इन्व्हर्टर यंत्र २३० व्होल्टच्या लाइनवरून साधारण १३ ते १४ अँपिअर ओढते. १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवर हे काम होते. ३.१५ मि.मी. रॉडने ११० अँपिअरवर हाच आकडा २० अँपिअरच्या आसपास जातो. लाइनचा दाब उतरला की तो आणखी वाढतो. म्हणजे साध्या प्लगवर हे काम निभत नाही. त्यासाठी मीटरपासून ४ चौ. मि.मी. तांब्याची स्वतंत्र वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि तेवढ्याच क्षमतेचा प्लग लागतो. घरचा मंजूर भार कमी असल्यास महावितरणकडे अर्ज करून तो आधी वाढवून घ्यावा.

लांब वायर ओढून शेतात यंत्र चालविण्याची अनेकांना सवय असते. १.५ चौ. मि.मी.ची ५० मीटर लांब वायर १५ अँपिअरला सुमारे १८ व्होल्ट खाऊन टाकते. लाइन आधीच १९० व्होल्टवर असेल तर यंत्रापर्यंत १७२ व्होल्टच पोहोचतात. मग ठिणगी धरत नाही, रॉड चिकटतो आणि दोष यंत्राला दिला जातो. शक्यतो काम यंत्राजवळ आणावे.

यंत्राचे प्रकार

१) ट्रान्सफॉर्मर यंत्र : रचना साधी, दुरुस्ती गावातही होते, धूळ सोसते. मात्र जड असते, वीज जास्त ओढते आणि कमी दाबावर नीट चालत नाही. ज्यांच्याकडे रीतसर थ्री फेज जोडणी आहे व काम रोजचे आहे त्यांना हे यंत्र योग्य आहे.

२) इन्व्हर्टर यंत्र : वजन साधारण ५ ते १० किलो, सिंगल फेजवर चालते, ठिणगी स्थिर राहते, त्यामुळे नवशिक्याला हात बसविणे सोपे जाते. आतील इलेक्ट्रॉनिक पट्टी धूळ, ओल आणि दाबातील चढ-उताराने बिघडते, हा त्याचा दोष आहे. शेतकऱ्याच्या पहिल्या यंत्रासाठी हाच प्रकार बहुतेक वेळा सोयीचा ठरतो.

३) मिग यंत्र : यात रॉडऐवजी तारेचे रीळ आणि बहुधा कार्बन डायऑक्साइड वायूचे नळकांडे लागते. पातळ पत्र्यासाठी ते चांगले, पण उघड्यावर वाऱ्याने वायू उडून जातो व वेल्डिंग सच्छिद्र होते. वायू न लागणारी तार मिळते, पण ती महाग पडते. पहिले यंत्र म्हणून हे घेऊ नये.

काम पाहून अँपिअर ठरवा

साध्या मऊ पोलादासाठी वापरल्या जाणाऱ्या ६०१३ प्रकारच्या रॉडसाठी पुढील अंदाज उपयोगी पडतो :

रॉड २.५ मि.मी. – ६० ते ९० अँपिअर – २ ते ४ मि.मी. जाडी : चौकोनी पाइप, फाटक, हलके अँगल.

रॉड ३.१५ मि.मी. – ९० ते १३० अँपिअर – ४ ते ८ मि.मी. जाडी : मांडवाचे अँगल, शेडचे खांब, अवजारांच्या पट्ट्या.

रॉड ४ मि.मी. – १४० ते १८० अँपिअर – ८ मि.मी.च्या वर.

शेतकऱ्याची बहुतेक कामे पहिल्या दोन गटांत बसतात. जाड पट्टी जोडावयाची असल्यास ४ मि.मी.चा रॉड हवाच असे नाही. कडांना ग्राइंडरने व्हीच्या आकाराची खाच पाडून ३.१५ मि.मी.च्या रॉडने एकावर एक थर दिल्यास जोड भक्कम होतो. दर थरानंतर खपली पूर्ण काढावी. म्हणजेच १३० अँपिअर दमाने देणारे यंत्र आपल्याला पुरते. खरोखर २०० अँपिअर देणारे यंत्र घेतल्यास ते या कामावर तापत नाही.

ड्युटी सायकल म्हणजे काय?

दहा मिनिटांच्या काळात यंत्र किती मिनिटे सलग वेल्डिंग करू शकते, त्यास ड्युटी सायकल म्हणतात. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे सहा मिनिटे काम व चार मिनिटे विश्रांती. हा आकडा सहसा ४० अंश सेल्सिअस तापमान धरून दिलेला असतो. सोलापूरचा मे महिना त्याहून तापलेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात यंत्र सावलीत ठेवावे आणि विश्रांती वाढवावी. तापून बंद पडलेले यंत्र लगेच लाइनवरून काढू नये. आतील पंखा चालू राहू द्यावा.

दुकानात काय पाहावे?

• स्टिकरवरील मोठा आकडा पाहू नये, मागील बाजूची माहितीची पट्टी वाचावी. तीवर ड्युटी सायकल, लाइनवरून ओढला जाणारा करंट आणि चालणारा दाब लिहिलेला असावा.

• पडताळा घ्यावा. २०० अँपिअर सुमारे २८ व्होल्टवर द्यावयाचे म्हणजे ५.६ किलोवॅट झाले. त्यासाठी २३० व्होल्टच्या लाइनवरून कमीत कमी २८-२९ अँपिअर आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त ओढावे लागतात. यंत्रावर २०० लिहिले आहे, पण मागे बारीक वायर व १६ अँपिअरचा प्लग आहे, असे असल्यास तो आकडा सलग कामाचा नाही हे ओळखावे.

• किती कमी व्होल्टपर्यंत यंत्र चालते ते विचारावे. आपल्या घरी संध्याकाळी दाब मोजून मगच दुकानात जावे.

• केबल तांब्याची आहे की वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, हे टोकाची तार खरवडून पाहावे.

• ३.१५ मि.मी.चे दोन-तीन रॉड दुकानातच सलग जाळून पाहावेत.

• पक्की पावती, हमीची मुदत आणि दुरुस्ती कोठे होते याची खात्री करावी. दुरुस्ती सोलापुरात होत असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

पैशाची विभागणी

बाजारात सिंगल फेज इन्व्हर्टर यंत्रे साधारण सहा-सात हजार रुपयांपासून मिळतात. मात्र सगळी रक्कम यंत्रावर घालू नये. हाती असलेल्या दर १०० रुपयांपैकी ६० यंत्रासाठी, २० वायरिंग, एमसीबी व अर्थिंगसाठी, १० हेल्मेट, चामडी हातमोजे व एप्रनसाठी आणि १० रॉड, चिपिंग हॅमर, तारेचा ब्रश यांसाठी ठेवावेत. ग्राइंडर घरी नसेल तर त्याची तरतूद वेगळी करावी. रॉड भारतीय मानक आयएस ८१४ चा उल्लेख असलेलेच घ्यावेत व पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडे ठेवावेत.

‘अर्थिंग’ या शब्दाने होणारी फसगत

कामाच्या तुकड्याला जो चिमटा लावतात त्याला गावाकडे ‘अर्थिंग’ म्हणतात. त्यामुळे चिमटा लावला की यंत्राचे अर्थिंग झाले असा समज होतो. हा समज जिवावर बेतू शकतो. तो चिमटा म्हणजे वेल्डिंगचा करंट यंत्राकडे परत नेणारा मार्ग आहे. यंत्राच्या पत्र्याच्या पेटीत लाइनचा करंट उतरला तर तो चिमटा आपल्याला वाचवीत नाही. पेटीचे अर्थिंग तीन पिनी प्लगमधून घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेलेले असले पाहिजे. खड्डा कोरडा पडला असल्यास त्यात पाणी घालावे. या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. मात्र होल्डर व तुकडा यांमधील धक्का त्याने टळत नाही. तिथे ६० ते ८० व्होल्ट असतात आणि घामाने भिजलेल्या अंगाला तेही धोक्याचे आहेत. म्हणून रॉड बदलताना हातमोजे कोरडे असावेत, पायांत बूट असावेत आणि ओल्या जमिनीवर उभे राहू नये.

इतर खबरदारी

१) कडब्याची गंजी, पाचट, भुसा यांच्याजवळ वेल्डिंग करू नये. ठिणगी कडब्यात धुमसत राहते आणि काम संपल्यावर तासाभराने पेट घेते. जवळ पाण्याची बादली ठेवावी व घरी जाण्यापूर्वी जागा पुन्हा पाहावी.

२) डिझेलची टाकी किंवा औषधाचा रिकामा ड्रम वेल्डिंगला घेऊ नये. रिकाम्या टाकीतील वाफेचाच स्फोट होतो.

३) १० किंवा ११ नंबरची काच असलेले हेल्मेट वापरावे. पाहणाऱ्या मुलांना दूर ठेवावे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागल्यास घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे.

४) जस्ताच्या पाइपवरील मुलामा जोडाच्या जागी घासून काढावा. त्याच्या धुराने थंडी-ताप येतो.

५) टेरिलीनचे कपडे नकोत, सुती व पूर्ण बाह्यांचे असावेत.

६) ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या वायर सोडाव्यात व चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा.

७) ग्राइंडरची धूळ यंत्रात जाऊ देऊ नये. पाली व उंदीर शिरू नयेत म्हणून काम झाल्यावर यंत्र थंड करून पेटीत ठेवावे.

काय जोडावे आणि काय जोडू नये

आयटीआयमधील वेल्डर हा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. यावरून हे कौशल्य आठवड्यात येत नाही हे ध्यानात येईल. सुरुवातीला ५ मि.मी.च्या भंगार पट्ट्यांवर दोन-तीन किलो रॉड जाळावेत. दोन पट्ट्या काटकोनात जोडून हातोड्याने मोडून पाहाव्यात. आत खपली अडकलेली किंवा एक बाजू न वितळलेली दिसली तर हात अजून बसलेला नाही असे समजावे.

फाटक, गव्हाण, मांडवाचे अँगल, शेड, पाभरीच्या व कुळवाच्या साध्या पट्ट्या घरी जोडाव्यात. कल्टिव्हेटरचे स्प्रिंग पोलादी फण साध्या रॉडने जोडल्यास जोडाशेजारीच पुन्हा तडकतात. त्यांना आधी गरम करून ७०१८ प्रकारचा कोरडा रॉड वापरावा लागतो, म्हणून ते काम जाणकाराकडे द्यावे. रोटाव्हेटरचे मोडलेले पाते जोडू नये, नवे बसवावे. बिडाच्या भागांनाही वेगळा रॉड लागतो.

ट्रॉलीचा हुक, ड्रॉबार, ॲक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेकचे भाग मात्र घरी मुळीच जोडू नयेत. ऊस भरलेली ट्रॉली उतारावर सुटली तर तिच्या मागून-पुढून येणाऱ्यांना आपल्या वेल्डिंगची किंमत मोजावी लागते. पेरणीच्या दिवशी पाभरीची पट्टी घरच्या घरी जोडून वाफसा साधणे हे पहिल्या यंत्राचे काम आहे. रस्त्यावर धावणारे काम कुशल कारागिराचेच आहे, हे यंत्र घेतानाच ठरवून ठेवावे.