थर्मोस्टॅट : घरातील तापमानाचा पहारेकरी

(इस्त्री, फ्रिज, एसी अशा अनेक यंत्रांत तापमानावर लक्ष ठेवणारा एक छोटा भाग असतो. तो कसे काम करतो आणि त्याला हुकूम कसा द्यावा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, शाळेच्या गणवेशाला तुम्ही घरीच इस्त्री करता का? पुढच्या वेळी इस्त्रीवरच्या छोट्या दिव्याकडे नीट पाहा. बटण सुरू करताच दिवा लागतो. इस्त्री तापली की तो आपोआप विझतो. एखादा सदरा होतो न होतो, तोच दिवा पुन्हा लागतो. बटणाला तर कोणी हात लावलेला नसतो. मग हा दिवा कोण लावतो आणि कोण विझवतो?

हे काम करणाऱ्या भागाला थर्मोस्टॅट म्हणतात. मराठीत त्याला तापनियंत्रक असेही म्हणतात. ठरवून दिलेल्या तापमानाच्या आसपास वस्तू किंवा खोली ठेवणे, एवढेच त्याचे काम. इस्त्रीत तो नसता, तर कपडे जळून गेले असते.

थर्मोस्टॅट तीन कामे करतो. तो आधी तापमान ओळखतो. मग आपण सांगितलेल्या तापमानाशी त्याची तुलना करतो. शेवटी यंत्राला 'चालू हो' किंवा 'बंद हो' असा हुकूम देतो. यांपैकी एकही काम चुकले, तर उरलेल्या दोन कामांचा उपयोग होत नाही.

ही युक्ती तुम्ही दुसऱ्या रूपात पाहिलेली आहे. कूलरच्या टाकीत पाण्यावर तरंगणारा एक गोळा असतो. टाकी भरत आली की गोळा वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी कमी झाले की गोळा खाली जातो आणि नळ पुन्हा सुरू होतो. गोळा पाण्याची पातळी राखतो, थर्मोस्टॅट तापमान राखतो. विचार मात्र एकच. हा विचार फार जुना आहे. नवव्या शतकात बगदाद शहरात बनू मूसा नावाने ओळखले जाणारे तीन विद्वान भाऊ राहत होते. त्यांनी 'किताब अल्-हियल' हा ग्रंथ लिहिला. आपोआप चालणाऱ्या कितीतरी युक्त्या त्यात चित्रांसह दिलेल्या आहेत.

आता इस्त्रीतला थर्मोस्टॅट पाहू. त्यात दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या असतात. उष्णतेने दोन्ही धातू प्रसरण पावतात, पण एक जास्त आणि दुसरा कमी. त्यामुळे जोडपट्टी वाकते, विजेचा मार्ग तुटतो आणि दिवा विझतो. पट्टी थंड होऊन सरळ झाली, की मार्ग पुन्हा जुळतो.

खोलीसाठी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट तयार होण्याला शाळेचा एक वर्ग कारण झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉरेन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. तेथे थंडी कडाक्याची असते. वर्ग किती गरम झाला आहे हे पाहायला शाळेचा नोकर अधूनमधून वर्गात येई आणि मग तळघरातील भट्टीची उष्णता कमी-जास्त करी. त्याच्या येण्याजाण्याने शिकवण्यात अडथळा येत असे. जॉन्सन यांनी वर्गातले तापमान विजेच्या साहाय्याने तळघरात कळवणारे साधन तयार केले. १८८३ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले.

आजच्या डिजिटल थर्मोस्टॅटमध्ये वाकणारी पट्टी नसते. तिच्या जागी बहुधा थर्मिस्टर नावाचा एक लहानसा मणी असतो. हवा तापली की या मण्यातून वीज अधिक सहज वाहते. त्यावरून आतली चिप तापमान ओळखते आणि आपण दिलेल्या अंकाशी ते ताडून पाहते.

आता आपल्या घाटंजीकडे वळू. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्याचा कडाका तुम्हांला सांगायला नको. पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. दुपारी रस्ते ओस पडतात. पूर्वी लोक दारा-खिडक्यांना वाळ्याचे, म्हणजेच खसचे, पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत. आजचा कूलर त्याच तत्त्वावर चालतो. ओल्या ताट्यांमधून कोरडी हवा आत येते, पाण्याची वाफ होते आणि हवा थंड होते. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे कूलर येथे चांगले काम करतो. साध्या कूलरला थर्मोस्टॅट मात्र नसतो. तो थंडावा देत राहतो, किती पुरे ते त्याला कळत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली, की त्याचा उपयोगही कमी होतो.

एसीचे तसे नाही. त्याच्यात डिजिटल थर्मोस्टॅट असतो आणि आपण रिमोटवरून त्याला हुकूम देतो. एसी तुमच्या घरी असेल, नातेवाइकांकडे असेल किंवा दवाखान्यात, दुकानात असेल. तो नीट कसा चालवावा हे प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. कारण तो वीज पुष्कळ खातो. दीड टनाच्या साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालू असला, तर तासाला साधारण दीड युनिट वीज लागते. २०० वॅटच्या कूलरला एक युनिट पाच तास पुरते.

रिमोट हातात घेतला, की सर्वप्रथम 'मोड'चे बटण पाहा. 'कूल' म्हणजे हवा थंड करणे. 'ड्राय' म्हणजे हवेतला दमटपणा कमी करणे. हा मोड पावसाळ्यात कामी येतो. 'फॅन' म्हणजे फक्त पंखा. उन्हाळ्यात 'कूल' निवडा. नंतर वर-खाली बाणांच्या बटणांनी तापमान ठरवा. येथे एक फरक लक्षात ठेवा. बऱ्याच फ्रिजच्या चकतीवर १ ते ७ असे अंक असतात. ते अंश नव्हेत. तेथे मोठा अंक म्हणजे जास्त थंडी. एसीवरचा अंक मात्र खरोखरीच अंश सेल्सिअस असतो. तेथे लहान अंक म्हणजे जास्त थंडी. एखाद्या वेळी रिमोटवर २४ ऐवजी ७५ दिसले, तर घाबरू नका. मोजमाप फॅरनहाइटमध्ये बदलले आहे, एवढेच. २४ अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे ७५ अंश फॅरनहाइट.

बटण दाबल्यावर एसीतून 'टुक्' असा आवाज आला का, हे ऐका. साध्या रिमोटवर आपण पाठवलेला हुकूम दिसतो; तो यंत्राला पोचला की नाही, हे रिमोटला कळत नाही. तसेच एसी बंद करून लगेच सुरू केला, तर कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटे थांबतो. ही त्याच्या सुरक्षिततेची सोय आहे. म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. उन्हातून घरी आलेला माणूस रिमोट उचलतो आणि थेट १८ हा अंक लावतो. त्याला वाटते, खोली लवकर थंड होईल. हा समज चुकीचा आहे. समजा, खोलीत ३८ अंश तापमान आहे. तुम्ही २४ लावा किंवा १८ लावा, सुरुवातीला एसी सारख्याच जोराने चालतो. २४ अंशांपर्यंत पोचायला दोन्ही वेळा साधारण तेवढाच वेळ लागतो. फरक पुढे पडतो. २४ लावले असेल, तर तेथे पोचताच थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर थांबवतो. इन्व्हर्टर एसी असेल, तर त्याची गती कमी करतो. १८ लावले असेल, तर कॉम्प्रेसर चालतच राहतो. मे महिन्याच्या दुपारी तर १८ अंश येतच नाहीत आणि यंत्राला क्षणाचीही विश्रांती मिळत नाही. म्हणून रिमोटवरचा अंक म्हणजे थंडीचा वेग नव्हे. तो थांबण्याची खूण आहे.

वीज बचतीचे काम पाहणारी 'ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो' ही केंद्र सरकारची संस्था सांगते, की तापमानाचा अंक एका अंशाने वाढवला तर एसीची सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार चिन्हाच्या खोलीच्या एसींसाठी असा नियम झाला, की कारखान्यातून येतानाच त्यांत २४ अंश लावलेले असावेत. पुढे आपण अंक बदलू शकतो. नियम आपले हात बांधत नाही. तो विचार करायला लावतो.

थोडा हिशेब करू. समजा, १८ अंश लावल्यावर एका रात्रीत ९ युनिट वीज लागते. अंक सहा अंशांनी वाढवून २४ केला, तर जवळजवळ एक तृतीयांश वीज वाचेल. म्हणजे ६ युनिट पुरतील. रात्रीचे ३ युनिट, तर ३० रात्रींचे ९० युनिट वाचले! घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि पुढे तो चढत जातो. म्हणून वाचलेले हे युनिट बहुधा महागातले असतात. शिवाय त्याच वेळी मोहल्ल्यातील प्रत्येक घर डीपीवर भार टाकत असते. भार फार झाला, की फ्यूज जातो. मग एसी असलेल्या घराबरोबर, फक्त एका पंख्यावर झोपणाऱ्या शेजाऱ्याचे बाळही घामाघूम होऊन रडू लागते. आपल्या हातातला अंक असा दुसऱ्याच्या घरापर्यंत पोचतो.

थर्मोस्टॅटला आपण पुढच्या वेळेचा हुकूमही देऊन ठेवू शकतो. याला प्रोग्रॅम करणे म्हणतात. एसीमध्ये त्यासाठी 'टायमर' आणि 'स्लीप' ही बटणे असतात. शरीराला झोपेत थंडावा कमी लागतो. 'स्लीप' दाबले, की अनेक एसी दर तासाला एक-एक अंश असे हळूहळू तापमान वाढवतात आणि थोड्या अंशांनंतर थांबतात. त्यामुळे दादीला मध्यरात्री थंडी वाजून गोधडी शोधावी लागत नाही. पहाटे बाहेरची हवाही उतरलेली असते. म्हणून पहाटे ४ वाजता एसी बंद व्हावा असा टायमर लावता येतो. नंतर खिडकी उघडून पंखा पुरतो. टायमर लावण्यापूर्वी रिमोटवरचे घड्याळ बरोबर करा आणि 'एएम', 'पीएम' तपासा. 'एएम' म्हणजे मध्यरात्रीपासून दुपारी बारापर्यंत. येथे चूक झाली, तर पहाटे ४ ऐवजी दुपारी ४ वाजता एसी बंद होईल! आणखी एक सावधगिरी घ्या. रात्री वीज गेली, तर अनेक एसींच्या टायमरची नोंद पुसली जाते. वीज परत आल्यावर टायमर पुन्हा लावावा लागतो.

परदेशात याच युक्तीचा उपयोग घर उबदार ठेवण्यासाठी होतो. कॅनडातील टोरांटोसारख्या शहरात हिवाळ्यात तापमान शून्याच्या खाली जाते. आपल्याकडून तेथे गेलेल्या कुटुंबांनाही भिंतीवरचा डिजिटल थर्मोस्टॅट शिकून घ्यावा लागतो. त्यात दिवसाचे बहुधा चार भाग असतात : उठण्याची वेळ, घराबाहेर जाण्याची वेळ, परतण्याची वेळ आणि झोपण्याची वेळ. प्रत्येक भागाला एक वेळ आणि एक तापमान द्यायचे असते. उदाहरणार्थ, सकाळी ६ ला २० अंश, ८ ला १६ अंश, सायंकाळी ५ ला पुन्हा २० अंश आणि रात्री १० ला १७ अंश. सुटीच्या दिवसांसाठी वेगळा प्रोग्रॅम देता येतो. 'होल्ड' दाबले, की प्रोग्रॅम थांबतो आणि तेच तापमान कायम राहते. पाहुणे गेल्यावर 'होल्ड' काढायला विसरले, की रिकाम्या घराला ऊब मिळत राहते आणि बिल वाढते. थंडीचा देश असो की उन्हाचा, विसरण्याची किंमत सारखीच मोजावी लागते.

मित्रांनो, थर्मोस्टॅट प्रामाणिक पहारेकरी आहे. पण खोलीत कोण आहे, दादी आजारी आहे का, खिडकी उघडी राहिली आहे का, हे त्याला कळत नाही. त्याला फक्त अंक कळतो. म्हणून अंक विचारपूर्वक लावा. खिडक्या-दारे बंद करा, सोबत पंखा हळू चालवा, २४ ते २६ अंशांवर एसी ठेवून पाहा. दोन-चार रात्रींत घरातल्या सर्वांना सोसेल असा अंक तुम्हांला नक्की सापडेल.

शब्दार्थ
प्रसरण पावणे – पसरणे, आकाराने वाढणे
ताडून पाहणे – तुलना करणे
ओस पडणे – निर्जन होणे
दमट – ओलसर
डीपी – मोहल्ल्याला वीज पुरवणारे यंत्र, रोहित्र

स्वाध्याय
१. थर्मोस्टॅट कोणती तीन कामे करतो?
२. कूलरच्या टाकीतील गोळा आणि थर्मोस्टॅट यांत कोणते साम्य आहे?
३. '१८ अंश लावले की खोली लवकर थंड होते.' हा समज चुकीचा का आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : ओस पडणे, घामाघूम होणे, कामी येणे.
५. उपक्रम : मोठ्या माणसांसमोर, हात न लावता, इस्त्रीचा दिवा दहा मिनिटांत किती वेळा लागतो व विझतो, ते मोजा आणि वहीत नोंद करा.