मुंबईला जा, पण मुंबईसाठी!

मैत्रिणींनो, जरा आठवून पाहा. आजवर मुंबईला किती वेळा गेलात? पाच वेळा? दहा वेळा? आणि कशासाठी? नणंदेच्या मुलाची मुंज, मावसभावाचं लग्न, सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन, मुलाची मुलाखत. म्हणजे मुंबईला गेलात खऱ्या, पण मुंबईसाठी एकदाही नाही! कार्यालय, दवाखाना, नातेवाइकांचा ब्लॉक, दादरची घाईघाईतली साडीखरेदी, की लगेच परतीची गाडी.

तरीही घरी आल्यावर आठवडाभर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, नाही का? कणीक मळता मळता लोकलचा भोंगा आठवतो, खाऱ्या वाऱ्याचा वास आठवतो. हे विचारतात, "त्या गर्दीत आणि घामात तुला एवढं आवडतं तरी काय?" आणि आपल्याला उत्तर देता येत नाही. आज ते उत्तर शोधू या.

आपल्या गावात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की कोपऱ्यावरचा दुकानदार विचारतो, "काय वहिनी, आज इकडे कुठे?" समोरच्या काकू गॅलरीतून डोकावतात. यात वाईट काही नाही. अडीअडचणीला हीच माणसं धावून येतात. पण तिथं आपण कायम अमक्यांची सून, तमक्याची आई असतो. मुंबईत मात्र आपल्याला कुणी ओळखत नाही. चौपाटीवर एकटीने बसून भेळ खाल्ली तरी कुणी मान वळवून पाहत नाही. पहिल्यांदा याची धास्ती वाटते, मग गंमत वाटते आणि मग त्याची चटक लागते. आपण जिच्या प्रेमात पडतो ती निम्मी मुंबई असते आणि निम्म्या आपण स्वतःच असतो, संसाराच्या गडबडीत मागे राहून गेलेल्या!

मुंबईची खरी ओळख होते ती लोकलच्या लेडीज डब्यात. आत शिरलं की आधी विचारायचं, "कुठे उतरणार?" मग ती जागा तुमची. तिघींच्या बाकावर चौथी कशी सामावते, ते प्रत्यक्षच बघायला हवं. कुणी घेवडा मोडत असते, कुणी पोथी वाचत असते, कुणी रात्रीची राहिलेली झोप पुरी करत असते. टिकल्या, पिना, कानातली विकणारी मधूनच वाट काढत येते. ओळखदेख नसताना कुणी तुमची पिशवी मांडीवर घेते, तर कुणी "पुढचं तुमचं स्टेशन, दाराकडे सरका" असं बजावते. 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण बायकांची लोकल सुरू झाली. रोज नोकरीला जाणाऱ्या हजारो जणींनी ती गरज निर्माण केली होती. पाहुण्या बाईने मात्र सकाळ-संध्याकाळची ऑफिसची वेळ टाळावी. दुपारी अकरा ते चार डबा तसा मोकळा असतो आणि खिडकीही मिळते.

आता एक दिवस फक्त स्वतःसाठी काढलात, तर काय पाहावं? पायी जाता येईल असा एक मार्ग सांगते. सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करा. 1888 साली पुरी झालेली ही इमारत 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गाडी पकडायच्या धांदलीत आपण हिच्याकडे मान वर करून पाहिलेलंच नसतं. समोरच्या फुटपाथवर दहा मिनिटं उभ्या राहा. दगडात कोरलेले मोर, माकडं, पानंफुलं दिसू लागतील.

तिथून जवळच कामा हॉस्पिटल आहे. बायकांसाठी आणि मुलांसाठी काढलेलं हे हॉस्पिटल 1886 मध्ये सुरू झालं. इथं डॉक्टरही बायकाच असाव्यात, अशी देणगीदारांची अट होती. पुरुष डॉक्टरकडे जायचं नाही म्हणून कितीतरी बायका दुखणं अंगावर काढत, त्या काळातली ही गोष्ट!

मग दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून सावलीसावलीने चालत हुतात्मा चौक गाठा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक इथं आहे. क्षणभर थांबून नमस्कार करावा, अशी ही जागा. सरळ पुढे गेलात की काळा घोडा. तिथल्या जहांगीर आर्ट गॅलरीत जायला पैसे पडत नाहीत. "चित्रातलं आपल्याला काय कळतंय?" असं म्हणू नका. रांगोळी काढणाऱ्या बाईला रंगातलं कळत नाही, असं कसं होईल?

तिथून ओव्हल मैदानाकडे वळा. मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या जुन्या दगडी इमारती, तर दुसऱ्या बाजूला 1930 नंतरच्या गोलाईदार गॅलऱ्यांच्या इमारती. हा सगळा परिसरही 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. विद्यापीठाचा उंच राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून 1878 मध्ये पुरा झाला. राजाबाई हे त्यांच्या आईचं नाव.

आणि हायकोर्टाकडे बघताना रखमाबाईंची आठवण ठेवा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठी झाल्यावर सासरी नांदायला नकार दिला. नवऱ्याने 1884 मध्ये दावा लावला. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला! अखेर 1888 मध्ये तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. ज्या गल्ल्यांतून आपण पिशव्या सांभाळत घाईने जातो, तिथं हे घडलं आहे. गिरगावातल्या एका गच्चीवर 15 मार्च 1959 रोजी सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तोच आपल्या घरातला लिज्जत पापड! सांगा, या शहरावर जीव जडला तर नवल काय?

संध्याकाळी चर्चगेटवरून मरीन ड्राइव्हला या आणि कठड्यावर बसा. मोबाइल पर्समध्ये ठेवा. दिवे लागेपर्यंत उठू नका.

दोन-चार व्यवहाराच्या गोष्टीही सांगते. उंच टाचांच्या चपला नकोत, सवयीच्या घाला. पाण्याची बाटली, छत्री, सुटे पैसे जवळ असू द्या. दागिने घरीच ठेवा आणि गर्दीत पर्स पुढे धरा. पावसाळ्यात जोराच्या सरी असतील तर हा बेत पुढे ढकला, कारण रुळांवर पाणी साचलं की गाड्या खोळंबतात.

आणि एक महत्त्वाचं. आपण जिच्याकडे उतरतो, त्या वहिनीचा किंवा बहिणीचा विचार करा. आपल्याला जी मुंबई समुद्राच्या वाऱ्यासारखी वाटते, ती तिला पहाटे पाच वाजता पाणी भरायला उठवते. दोन खोल्यांत तिचं चार माणसांचं बिऱ्हाड, त्यात आपण. ती समुद्राजवळून रोज जाते, पण बघायला तिला फुरसत नसते. म्हणून दोन दिवसांत परतायचं, हे आधीच कळवा. रात्रीच्या पोळ्या आपण लाटा. घरचं मेतकूट, लोणचं, चटणी घेऊन जा. आणि जमलं तर फिरायला निघताना तिलाच म्हणा, "चल गं, आज रजा टाक!" कदाचित तिनेही ओव्हल मैदानाकडे अशा डोळ्यांनी कधी पाहिलं नसेल. पाहुणीचं प्रेम सोपं असतं, कारण आपल्याला परतीचं तिकीट असतं. याची जाणीव ठेवली, की त्या प्रेमाला खोटेपणा येत नाही.

परत आल्यावर काय? मुंबई काही पिशवीत घालून आणता येत नाही. पण तिथं सापडलेला तो एक तास आणता येतो. आपल्या गावातही नदीचा घाट असतो, जुना वाडा असतो, वाचनालय असतं. आठवड्यातून एकदा संध्याकाळी एकटीने तिकडे चालत जा. दुकानदार विचारेलच, "काय वहिनी, आज इकडे कुठे?" हसून सांगा, "कुठे नाही हो, सहज फिरायला!" दोन-तीनदा विचारेल, मग त्यालाही सवय होईल.