हिरडा, हिराकस आणि सागाची फळी

लोखंडी विळीवर आवळा चिरला की विळीचे पाते काळे पडते. बाभळीच्या किंवा ऐनाच्या ओल्या लाकडात ठोकलेल्या खिळ्याभोवतीही काळा डाग उमटतो. या दोन्ही घटनांमागे एकच रसायनक्रिया आहे. ती वापरून आपण घरी किंवा शाळेत लाकडाला पक्का रंग देऊ शकतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातील शिक्षकांना त्यासाठी लागणारा मुख्य पदार्थ दूर शोधायला नको. तो म्हणजे हिरडा.

लाकडातील नळ्या

रंग देण्यापूर्वी लाकूड पाहू. सागाचा आडवा छेद गुळगुळीत करून भिंगाखाली धरा. बारीक छिद्रांची वलये दिसतील. ही छिद्रे म्हणजे झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची तोंडे. वाढीचा हंगाम सुरू होताना साग रुंद नळ्या तयार करतो, पुढे अरुंद. रुंद नळ्या नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. फळी उभी कापली की याच नळ्या लांबट खाचांसारख्या दिसतात. ऐन आणि आंबा यांच्या लाकडातही छिद्रे मोठी असतात, पण ती वलयात न राहता सर्वत्र विखुरलेली असतात. हेदूचे लाकूड मात्र बारीक छिद्रांचे असते, म्हणून ते सहज गुळगुळीत होते.

पातळ रंग या नळ्यांत केशाकर्षणाने शिरतो. फळीच्या टोकाला नळ्यांची तोंडे उघडी असतात, त्यामुळे तेथे रंग जास्त शोषला जाऊन गडद दिसतो. म्हणून टोकांना आधी साधे पाणी लावावे व मग रंग द्यावा.

काळा रंग कसा तयार होतो?

वाळलेल्या हिरड्यात सुमारे ३० टक्के टॅनिन असते. टॅनिनच्या रेणूत शेजारी-शेजारी असलेले हायड्रॉक्सिल गट लोहाच्या आयनाला चिमट्यासारखे धरतात. हिराकशीतील लोह आधी फेरस स्वरूपात असते व त्याचा टॅनिनशी होणारा संयोग फिकट दिसतो. हवेतील ऑक्सिजनमुळे लोह फेरिक झाले की निळसर काळा रंग उमटतो. पूर्वी लिहिण्याची काळी शाईही याच तत्त्वावर करीत.

कृती अशी : ५० ग्रॅम हिरडापूड अर्धा लिटर पाण्यात अर्धा तास उकळा. भांडे स्टीलचे किंवा मातीचे घ्या. लोखंडी कढईत काढा आधीच काळा होईल. काढा गाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवा. फळी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. वर आलेले तंतू पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासून काढा. मग काढा लावा, वाळल्यावर हिराकशीचे पाणी लावा आणि तासभर वाट पाहा. हिराकस जास्त घेऊ नये. तिच्यापासून तयार होणारे आम्ल लाकडाच्या तंतूंना इजा करते. जुन्या हस्तलिखितांचे कागद शाईच्या जागी विरले त्याचे एक कारण हेच. शेवटी फळी स्वच्छ पाण्याने पुसून घ्या. हे काम करताना हातमोजे हवेत.

भरण आणि तेल

आरशासारखा पृष्ठभाग हवा असेल तर खाचा भराव्या लागतात. त्यासाठी खडूची पूड व काव तेलात कालवून रेषेला आडवी चोळतात व जास्तीची पुसून काढतात. भरण रंगानंतरच करावे, नाहीतर रंग आत शिरत नाही. खाचा मोकळ्या ठेवल्या तरी चालते.

त्यावर चपडा लाखेचे पॉलिश किंवा जवसाचे बेलतेल लावावे. लाख पाण्याने पांढरी पडते, तेव्हा पावसात भिजणाऱ्या दाराला ती उपयोगाची नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतील ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. तेलाचे बोळे ढीग करून टाकले तर ती आत कोंडते आणि काडी न लावताही ते पेट घेऊ शकतात. म्हणून बोळे बाहेर एकेक पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत. हा नियम विद्यार्थ्यांना प्रयोगाआधीच सांगावा.

सह्याद्रीच्या पावसात लाकूड रेषेला आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाही. लेप बाष्पाची ये-जा मंदावतो, थांबवत नाही. दाराच्या एकाच बाजूला लेप दिला तर दोन बाजू कमी-जास्त फुगतात आणि फळी वाकते. म्हणून दोन्ही बाजूंना व टोकांना सारखाच लेप द्यावा.

वर्गासाठी

साग, आंबा व हेदू यांचे तुकडे घ्या. प्रत्येकाच्या एका भागाला फक्त काढा, दुसऱ्याला फक्त हिराकस व तिसऱ्याला दोन्ही लावा. फक्त हिराकशीने जे लाकूड काळे पडेल, त्यात मुळातच टॅनिन आहे असे अनुमान काढता येईल.

या डोंगरी गावांतील अनेक आदिवासी कुटुंबांना बाळहिरडा वेचून वर्षाची रोख मिळते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने या पिकाचे मोठे नुकसान केले होते. वेचलेला हिरडा कच्चा माल म्हणून पोत्यांत भरून बाहेर जातो. त्याला मागणी का आहे, याचे एक उत्तर वेचणाऱ्यांच्या मुलांना या तुकड्यांवर स्वतः पाहता येईल.